'~ओ' च्या यादीत ४३ पॅकेजं. सगळी एका फटक्यात काढू का?

पोथीघर

लॅपटॉप २०११ चा आहे, ६४ बिट, ४ जीबी रॅम. २०१९ च्या शेवटी त्यावर डेबियन लिनक्स १० टाकलं आणि मग कित्येक वर्षं हात लावला नाही, कारण कुरकुर न करता चालत होतं. गेल्या महिन्यात एकदाचा बसलो. आधी ११, मग १२. मधली पायरी गाळायची नसते हे वाचलं होतं, म्हणून दोन रविवार घातले. (१३ चं नाव आत्ता काढू नका, दम लागलाय.)

मशीन उठलं, वायफाय लागलं, स्कॅनरने पान ओढलं, माझी पुस्तकांची सूचीही उघडली. मग रिलीज नोट्समधला "कालबाह्य पॅकेजं" हा भाग वाचला आणि एपीटी लिस्ट '~ओ' चालवलं (एपीटी म्हणजे पॅकेजं टाकणारा-काढणारा प्रोग्राम, '~ओ' म्हणजे कालबाह्य). (आज्ञा उच्चारतो तशा लिहितोय, टर्मिनलवर अर्थात रोमन अक्षरांत.) यादीत ४३ नावं आली. प्रत्येकापुढे "इन्स्टॉल्ड, लोकल" असं लिहिलेलं. त्यातली मला ओळखू येणारी:

लिनक्स-इमेज ४.१९ आणि ५.१०, पायथन२.७ आणि त्याची तीन भावंडं, पोस्टग्रेएसक्यूएल-११ आणि -१३, जीसीसी-८-बेस, लिबएसएसएल१.१, लिबआयसीयू६३, फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, इंटेल-मायक्रोकोड, आणि स्कॅनरचा ड्रायव्हर, जो मी कंपनीने दिलेल्या सीडीवरून टाकला होता. बाकी बहुतेक "लिब" ने सुरू होणारी, त्यांची माझी ओळख नाही.

नोट्समध्ये पुढचीच ओळ एपीटी पर्ज '~ओ' ही आहे, म्हणजे ही सगळी पॅकेजं सेटिंगांसकट काढा. ती चालवली की झालं ना? ऑटोरिमूव्ह अजून चालवलेलं नाही, त्याचीही भीतीच वाटते. डिस्कवर जागा आहे, पण /बूट (कर्नल राहतात ती जागा) वेगळं आणि लहान आहे, ते ८९ टक्के भरलंय.

सरळरेषा

चालवा बिनधास्त. मी तर -वाय लावून चालवतो, प्रश्नोत्तरं नकोत. आजवर काही बिघडलं नाही.

रात्रपाळी

पोथीघर, वरचं उत्तर वाचून अजून एंटर मारला नसेल अशी आशा करतो. त्या एका ओळीत तुमचं वायफाय, स्कॅनर आणि बहुतेक पुस्तकांची सूची अशा तीन गोष्टी जातील. सरळरेषा, तुमचं बिघडलं नाही कारण तुमच्या यादीत निव्वळ कचरा असेल. यांच्या यादीत तसं नाही.

आधी "कालबाह्य" म्हणजे काय ते समजून घ्या, सगळी मेख तिथेच आहे. एपीटीला पॅकेज जुनं आहे की नवं, कुणी वापरतं की नाही, यातलं काही कळत नाही. तो फक्त एवढंच बघतो: हे नाव सोर्सेस.लिस्ट या फाइलमधल्या कुठल्या भांडारात सापडतं का? नाही सापडलं की '~ओ'. मग ते डेबियनने टाकून दिलेलं असो, तुम्ही सीडीवरून टाकलेलं असो, की तुमच्या सोर्सेस.लिस्टमध्ये एखादा शब्द लिहायचा राहिला असो. म्हणून तर पुढे "लोकल" लिहून येतं. ॲप्टिट्यूडमध्ये या खान्याचं नावच "कालबाह्य आणि स्थानिक पातळीवर बनवलेली पॅकेजं" असं आहे, दोन्ही एकाच पोत्यात. नोट्समध्ये ती आज्ञा आहे हे खरं, पण ती यादी डोळ्यांखालून घातलेल्या माणसासाठी आहे.

आता तुमच्या यादीकडे.

फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय (वायफाय कार्डात भरायचं सॉफ्टवेअर) आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या दुरुस्त्या) कालबाह्य नाहीत. डेबियन १२ पासून फर्मवेअरचा वेगळा विभाग झाला, नॉन-फ्री-फर्मवेअर. तुमच्या सोर्सेस.लिस्टमध्ये अजून "मेन कॉन्ट्रिब नॉन-फ्री" एवढंच असणार. एपीटी अपडेट करताना खाली "एन:" ने सुरू होणारी एक लांबलचक सूचना येते आहे का बघा, ती हेच ओरडून सांगत असते. आज वायफाय चालतंय कारण डेबियन ११ मधलं फर्मवेअर डिस्कवर आहे. पर्ज केलंत तरी चालतच राहील, कारण ते कार्डात आधीच भरलेलं आहे. पुढच्या वेळी मशीन सुरू कराल तेव्हा जाईल, आणि ते परत आणायला इंटरनेट लागेल. एका मशीनवर मी हे केलंय आणि मग नेटवर्कची केबल शोधत घरभर फिरलोय. प्रत्येक ओळीत तो चौथा शब्द घाला, एपीटी अपडेट करा, एपीटी अपग्रेडने नवी आवृत्ती येऊ द्या आणि यादी पुन्हा काढा.

लिनक्स-इमेज म्हणजे कर्नल, सिस्टिमचा गाभा. त्याची घाई नको. युनेम -आर करून ६.१ वर आहात याची खात्री करा. ४.१९ जाऊ दे, /बूट मोकळं होईल. ५.१० मात्र इतक्यात काढू नका. जुन्या लॅपटॉपवर नवं कर्नल एखाद्या दिवशी पडद्यावर काही दाखवायलाच नकार देतं, तेव्हा ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या) यादीत दुसरं कुणीतरी असलेलं बरं. ६.१ ची पुढची सुधारित आवृत्ती येऊन दोन-चार दिवस नीट चालली की मग ५.१० ला निरोप द्या.

ऑटोरिमूव्हला घाबरता आणि पर्ज '~ओ' ला नाही, हे बरोबर उलटं आहे. ऑटोरिमूव्ह फक्त तीच पॅकेजं काढतं जी कुणाच्या तरी गरजेपोटी आपोआप आली होती आणि आता ज्यांची गरज कुठल्याच पॅकेजला उरलेली नाही. आधी एपीटी-गेट -एस ऑटोरिमूव्ह करा. -एस म्हणजे नुसतं नाटक, काढत काहीच नाही. यादी वाचा. एखादं ओळखीचं, हवं असलेलं नाव दिसलं तर एपीटी-मार्क मॅन्युअल आणि ते नाव, की मग ते राहतं. तुमच्या "लिब" वाल्या अनोळखी गर्दीतले निम्मे तरी यात जातील, तुम्ही बोट न लावता. लायब्ररी कधी नाव घेऊन काढायची नाही. तिला धरून ठेवणारा प्रोग्राम काढा, ती मागोमाग जाते.

आता खरी धास्ती: पोस्टग्रेएसक्यूएल-११, म्हणजे डेटाबेस सर्व्हर. तुमची सूची त्यात आहे का? डेबियन १० वर पोस्टग्रेएसक्यूएल ११ होतं, डेबियन ११ वर १३ आलं, डेबियन १२ वर १५. पण पोस्टग्रेएसक्यूएलची नवी आवृत्ती आली म्हणून जुनीतला डेटा स्वतःहून तिच्यात जात नाही. तो ११ च्याच क्लस्टरमध्ये (डेटाच्या कप्प्यात), /व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल/११/मेन मध्ये बसून असतो आणि ११ चा सर्व्हर तो पुरवत असतो. अपग्रेडच्या वेळी निळ्या पडद्यावर "जुनी आवृत्ती अजून आहे" असा मजकूर आला असेल आणि तुम्ही ओके दाबलं असेल. सगळेच दाबतात.

ऑटोरिमूव्ह या पॅकेजला हात लावत नाही, कारण पोस्टग्रेएसक्यूएल-कॉमन हे क्लस्टर अस्तित्वात असलेल्या आवृत्त्यांची नावं एपीटीच्या "कधीच आपोआप काढू नका" अशा यादीत लिहून ठेवतं. पर्ज '~ओ' ला ते संरक्षण नाही, कारण तिथे काढा असं तुम्ही स्वतः सांगत असता. त्या वेळी एक प्रश्न येतो, डेटाच्या डिरेक्टरीही काढू का, आणि त्यावर "हो" आधीच निवडलेलं असतं. ४३ पॅकेजांच्या धबडग्यात माणूस एंटर दाबून मोकळा होतो.

तेव्हा आज फक्त दोन गोष्टी करा. सोर्सेस.लिस्ट दुरुस्त करा आणि पीजी_एलएसक्लस्टर्स (सगळी क्लस्टरं दाखवणारी आज्ञा) चालवून काय दिसतं ते इथे टाका.

जुनंतेसोनं

मला एक कळत नाही. जागा आहे, मशीन चालतंय, मग काढायचं कशाला? लायब्ररी पडून राहिल्या तर काय खातायत? माझ्याकडे अशी वीस-पंचवीस पॅकेजं पडून आहेत.

रात्रपाळी

लायब्ररींपुरतं तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. कुणी उघडतच नसेल तर पडलेली लायब्ररी निरुपद्रवी. पण चालू सर्व्हरचं तसं नाही. पोस्टग्रेएसक्यूएल ११ च्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पाने नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबवल्या, आणि डेबियन १० चा एलटीएस (वाढीव मुदतीच्या दुरुस्त्या) जून २०२४ मध्ये संपला. म्हणजे यांच्या मशीनवर एक सर्व्हर असा चालू आहे ज्यात भोक सापडलं तरी बुजवायला कुणी येणार नाही. शिवाय पुढे कधी डेबियन १३ वर जायचं झालं तर ही जुनी गर्दीच अवलंबित्वांच्या गाठी मारते. म्हणून काढायचं. जागेसाठी नाही.

खुडबुड

स्कॅनरबद्दल माझी जुनी जखम सांगते. डेबियन ८ वरून ९ वर जाताना ऑटोरिमूव्हने लिबपीएनजी१२ काढलं. बरोबरच होतं, कुठल्याच पॅकेजने ते मागितलेलं नव्हतं. पण माझ्या स्कॅनरच्या ड्रायव्हरला ते लागत होतं आणि ज्याने ते डेब पॅकेज बांधलं त्याने "मला हे लागतं" असं त्यात लिहिलंच नव्हतं! कंपन्यांच्या डेबमध्ये हे सर्रास दिसतं. एपीटीचा बिचाऱ्याचा काय दोष, तो कागदावर लिहिलेलंच वाचणार. दोन महिन्यांनी एक पान स्कॅन करायला गेले तर "शेअर्ड लायब्ररी सापडत नाही". तोवर मी काय काढलं होतं हे मला आठवतही नव्हतं. शेवटी /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग आणि त्याच्या मागच्या दाबून ठेवलेल्या फायली चाळून तारखेवरून शोधलं.

तेव्हापासून माझी रीत अशी. बाहेरून आणलेल्या प्रत्येक पॅकेजवर डीपीकेजी -एल (लहान लिपीतला नाही, मोठा एल) चालवते, म्हणजे त्याच्या फायली कुठे आहेत ते कळतं. त्यातल्या ज्या .एसओ (लायब्ररीच्या) आणि चालवायच्या फायली आहेत त्यांवर एलडीडी, म्हणजे त्यांना कुठल्या लायब्ररी लागतात ते दिसतं. त्यात ज्या लायब्ररींची नावं येतील त्या कुठल्या पॅकेजच्या आहेत ते डीपीकेजी -एस (हाही मोठाच) ने बघते, आणि '~ओ' च्या यादीत त्यांपैकी कुणी असेल तर त्याला आधी मॅन्युअल करून टाकते.

दुसरं म्हणजे डीपीकेजी-रीपॅक. हे बसवलेल्या पॅकेजचं पुन्हा डेब बांधून देतं. तुमची ती सीडी आज वाचली जाईल का? मग ड्रायव्हरचं डेब आत्ताच बांधून पेनड्राइव्हवर ठेवा. डेबियनची स्वतःची जुनी पॅकेजं स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्गवर मिळतात, पण कंपनीचा ड्रायव्हर तिथे नसतो.

पोथीघर

एंटर मारला नव्हता. बोट मात्र त्यावरच होतं.

सोर्सेस.लिस्टचा अंदाज अचूक. ती "एन:" वाली सूचना महिनाभर दिसत होती, मला वाटलं जाहिरातीसारखं काहीतरी असेल. शब्द घातला, अपडेट आणि अपग्रेड केलं, यादी ४३ वरून ४० वर आली. दोन फर्मवेअर आणि मायक्रोकोड बाहेर पडले.

ऑटोरिमूव्हचं नाटक करून पाहिलं. २२ नावं आली, ४.१९ कर्नल त्यात होतं, स्कॅनर नव्हता. खुडबुड यांनी सांगितल्याप्रमाणे ड्रायव्हरच्या फायलींवर एलडीडी चालवलं, त्या २२ मधलं त्यात काही नव्हतं, म्हणून खरोखर चालवलं. /बूट आता ५१ टक्के. उरली १८.

आता पीजी_एलएसक्लस्टर्स. तीन ओळी आल्या आणि पोटात गोळा आला:

११ मेन, पोर्ट ५४३२, ऑनलाइन
१३ मेन, पोर्ट ५४३३, ऑनलाइन
१५ मेन, पोर्ट ५४३४, ऑनलाइन

माझी सूची कुठल्यात आहे? ३,८१२ पुस्तकं आहेत, सात वर्षांची हमाली. पीजी_अपग्रेडक्लस्टर ११ मेन करून पाहिलं तर १५ मेन आधीच आहे म्हणून त्याने नकार दिला.

रात्रपाळी

नकार दिला हे छानच झालं. गोळा येऊ देऊ नका, हे चित्र अगदी नेहमीचं आहे. प्रत्येक नवी आवृत्ती बसताना स्वतःसाठी एक रिकामं "मेन" क्लस्टर तयार करते आणि पुढचा मोकळा पोर्ट घेते. तुमचा प्रोग्राम ५४३२ वर बोलतो, म्हणजे सूची ११ मध्ये. पण माझ्या "म्हणजे" वर विसंबू नका, डोळ्यांनी बघा. पोस्टग्रेस या वापरकर्त्याच्या नावाने पीएसक्यूएल -पी ५४३४ -एल करा, मग ५४३३ साठी तेच. त्यात फक्त पोस्टग्रेस, टेम्प्लेट० आणि टेम्प्लेट१ ही तीन नावं दिसायला हवीत. चौथं नाव दिसलं तर थांबा आणि इथे या.

मग सगळ्यात आधी पीजी_डंपऑल -पी ५४३२ (पूर्ण बॅकअप), त्याची फाइल लॅपटॉपबाहेर. फाइल उघडून त्यात तुमच्या एखाद्या पुस्तकाचं नाव शोधा. रिकाम्या बॅकअपवर निर्धास्त झोपलेली माणसं मी पाहिली आहेत.

त्यानंतर पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १५ मेन. आकडा टंकताना तोंडाने म्हणा, कारण ही आज्ञा विचारत बसत नाही. मग पीजी_अपग्रेडक्लस्टर ११ मेन. हे ११ मधला डेटा काढून नव्या १५ मध्ये भरतं, १५ ला ५४३२ पोर्ट देतं आणि ११ ला बंद करून ठेवतं, पुसत नाही. तुमच्या प्रोग्राममध्ये काहीही बदलावं लागणार नाही.

आठवडाभर सूची वापरा, पुस्तकं घाला, काढा. मग ११ आणि १३ ची क्लस्टरं ड्रॉप करा आणि त्यांची पॅकेजं पर्ज करा. मधल्या आठवड्यात ११ चं पॅकेज काढू नका. त्याचे प्रोग्राम असले तरच तो जुना डेटा पुन्हा उघडता येतो, १५ ला ११ च्या फायली वाचता येत नाहीत.

पायथन२.७ कशासाठी ठेवलंय?

पोथीघर

पायथन मीच हाताने टाकलं होतं. पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या छापणारी माझी एक स्क्रिप्ट आहे, २०१४ मध्ये लिहिलेली. प्रिंटला कंस नाहीत (पायथन ३ ला ते लागतात), यावरून काय ते समजा. ती होम डिरेक्टरीत असल्यामुळे डीपीकेजीला तिचा पत्ताच नाही. तुम्ही विचारलं नसतं तर मलाही आठवलं नसतं, चिठ्ठ्या वर्षातून एकदाच छापतो.

खुडबुड

होम डिरेक्टरीत ग्रेप -आरएल ने "पायथन२" शोधा, अजून असतील. आणि फायलीच्या पहिल्या ओळीत नुसतं "पायथन" लिहिलेल्याही बघा.

पोथीघर

दहा दिवसांनी हिशेब देतोय.

१३ आणि १५ रिकामी होती, तीन-तीन नावं. डंप घेतला, त्यात शोधलं, पहिलं पुस्तक सापडलं, शेवटचंही. १५ मेन ड्रॉप करताना आकडा खरंच मोठ्याने म्हणालो, घरच्यांनी वळून पाहिलं. अपग्रेडक्लस्टरला दोन मिनिटंही लागली नाहीत. काउंट केलं, ३,८१२. आठवडा थांबलो, आता ३,८१५ आहेत. मग ११ आणि १३ ची क्लस्टरं ड्रॉप करून त्यांची चार पॅकेजं पर्ज केली, आणि ऑटोरिमूव्हने लगेच सहा लायब्ररी पुढे केल्या. लिबआयसीयू६३, लिबआयसीयू६७, दोन लिबएलएलव्हीएम वगैरे. म्हणजे इतके दिवस यांना पोस्टग्रेएसक्यूएलनेच धरून ठेवलं होतं. उरली ८.

ग्रेपमध्ये आणखी एक स्क्रिप्ट सापडली, ती कशासाठी लिहिली होती ते आठवत नाही, फेकली. चिठ्ठ्यांची स्क्रिप्ट पायथन ३ वर आणली. प्रिंटचे कंस पाच मिनिटांत झाले, देवनागरीचं एन्कोडिंग सुधारायला सगळी संध्याकाळ गेली (जुन्या मला भेटून दोन शब्द बोलायची इच्छा आहे). मग पायथन२.७ आणि भावंडं पर्ज केली, आणि ऑटोरिमूव्हचं नाटक केलं. दोन नावं आली: लिबएफएफआय७ आणि लिबएसएसएल१.१.

दुसरं नाव ओळखीचं वाटलं. एलडीडीचा कागद काढून पाहिला. स्कॅनरच्या ड्रायव्हरच्या दोन .एसओ फायलींपुढे तेच नाव होतं. पॅकेजच्या अवलंबित्वांत त्याचा उल्लेखही नाही. इतके दिवस पायथन आणि पोस्टग्रेएसक्यूएलमुळे ते टिकून होतं, स्कॅनर आपला त्यांच्या आडोशाला फुकट राहत होता.

लिबएसएसएल१.१ ला एपीटी-मार्क मॅन्युअल केलं, लिबएफएफआय७ जाऊ दिलं, पुन्हा सुरू केलं, वायफाय लागलं, पान स्कॅन झालं. '~ओ' मध्ये आता तीन नावं आहेत: ५.१० कर्नल, ड्रायव्हर आणि लिबएसएसएल१.१. ड्रायव्हरचं डेब रीपॅक करून पेनड्राइव्हवर आहे.

रात्रपाळी

झकास. लिबएसएसएल१.१ ला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, पण तुमच्याकडे ते फक्त स्कॅन करताना उघडतं, मला चालण्यासारखं वाटतं. स्कॅनर बदलाल त्या दिवशी दोघांना एकदम काढा.

खुडबुड

पेनड्राइव्हवर लिबएसएसएल१.१ चंही रीपॅक केलेलं डेब टाका. नुसत्या ड्रायव्हरने पान ओढलं जाणार नाही.